वास सुटेपर्यंत

कुरुम, मस्कत
७ जानेवारी २०२४

प्रिय गुलबानूआपा,
सप्रेम नमस्कार.

मासेवाल्या जाफरभाईंच्या हाती तुमचा डबा परत पाठवते आहे. डबा रिकामा पाठवायचा नाही अशी माझ्या सासूबाईंची ताकीद असायची, म्हणून आत तिळाच्या वड्या आहेत. संक्रांतीला अजून आठवडा आहे, पण बातमी गोड आहे, तर थांबायचं कशाला?

परवा ह्यांची तपासणी झाली. गळ्याच्या ऑपरेशनला दोन वर्षं पूर्ण झाली. डॉक्टरांनी सगळे कागद उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाले, आता सहा महिने तोंड दाखवू नका. गाडीत बसल्यावर चंद्रहास पहिलं वाक्य काय बोलले असतील? "आपांना कळव." शेजारी बायको बसली आहे, पुण्यात मुलगा फोनची वाट बघतोय, आणि ह्यांना आठवल्या बरक्याच्या आपा!

पण खरंच आहे ते. तेव्हा रेडिएशनचे शेक घेऊन घेऊन त्यांचा घसा सोलून निघाला होता. पेज उतरत नव्हती, पाणी उतरत नव्हतं. आम्ही मासे घेणं बंद केलं म्हणून जाफरभाईंनी चौकशी केली, आणि पुढच्या मंगळवारी ते दारात स्टीलचा डबा घेऊन उभे राहिले. "आपांनी दिलंय. तिखट नाही." मी पुण्याची, जन्मात मासा खाल्लेला नाही. मोहिंग्याचा तो पिवळा दाट रस्सा आणि त्यात बुडालेल्या तांदळाच्या शेवया बघून मला काही आशा वाटली नव्हती. पंधरा मिनिटांत वाडगा रिकामा झाला. एकोणीस दिवसांनी ह्यांच्या पोटात अन्न गेलं होतं. त्यानंतर तुम्ही आठवड्याला दोन डबे पाठवत राहिलात. आपली ओळख नाही, देख नाही, नात्याचा तर प्रश्नच नाही. मी तुमचे आभार मानायला बसले की माझं मराठी अपुरं पडतं.

आता एक मागणं आहे. अजूनही महिन्याला डबा येतोच आहे, आणि हे म्हणतात नेहमीसारखाच छान असतो. पण तुम्हाला किती दिवस राबवायचं? मला तो मोहिंगा शिकवा. मी चाखणार नाही, पण करीन. कृती सविस्तर लिहा. नावातच हिंग आहे, तेव्हा तो किती घालायचा तेही लिहा.

तुमची,
नयना

०

बरका
१२ जानेवारी २०२४

नयनावहिनींना गुलबानूचा सलाम.

चंद्रहासभाऊंची खबर वाचली आणि आधी दोन रकात नमाज पढले, मग वड्या खाल्ल्या. अल्लाचे लाख शुक्र. त्यांना सांगा, आता सहा महिने डॉक्टरला तोंड दाखवायचं नाही, पण बरक्याला येऊन दाखवायचं.

वहिनी, हिंग? तुम्ही पुण्याच्या बायका नावातसुद्धा हिंग शोधता! अहो, तो बर्मी शब्द आहे. आमच्या घरात त्याला मोईंगा म्हणतात. माझे नाना रंगूनला नदीच्या बोटीवर सारंग होते. तिथे त्यांनी लग्न केलं. नानीचं तिकडचं नाव मा खिन, आमच्या जैतापुरात येऊन ती खैरुन्निसा झाली. लढाई सुरू झाली तेव्हा बोटीने आले. माझी अम्मा तेव्हा चार वर्षांची होती. नानीला मराठी कधी धड आलं नाही, पण तिच्या मोईंग्याला सगळा मोहल्ला वाडगे घेऊन यायचा. तिने अम्माला शिकवलं, अम्माने मला.

आता कृती. शिंगाळा घ्या. बरक्याच्या बाजारात त्याला कुणी विचारत नाही, जाफर आणून देईल. हळद, आलं आणि गवती चहाची जुडी घालून उकडा, काटे काढा. कांदा-लसूण तेलात परता, वास सुटेपर्यंत. मासा त्यात घाला आणि हिंवस, म्हणजे माशाचा कच्चा वास, जाईपर्यंत हलवा. मूठभर तांदूळ कोरडे भाजा, खमंग वास आला की उतरवा आणि दळा. बेसन तसंच, कच्चा वास जाईपर्यंत. दोन्ही पाण्यात कालवून रश्श्यात सोडा. सुकटीचं पाणी घाला, मिठाचं काम तेच करतं, कमी वाटलं तर वरून मीठ. केळीच्या खुंटाचा आतला पांढरा गाभा चकत्या करून घाला, तो इथल्या बागांतून मी पाठवते. मग उकळू द्या. वासावरूनच कळतं झाला ते. शिरवळ्यांवर, म्हणजे त्या तांदळाच्या शेवयांवर, ओता, उकडलेलं अंडं, तळलेला कांदा, आणि सगळ्यात शेवटी लिंबू.

अम्मार म्हणतो, अम्मी, व्हॉट्सॅप कर, पत्रं कसली लिहितेस. त्याला काय सांगू. जैतापूरच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकले, अक्षराला बक्षीस होतं मला. या घरात मराठी वाचणारी मी एकटी. नात अफशा "दादी, मला तुझा हँडरायटिंग आवडते" म्हणते, पण कागद उलटा धरते. त्यामुळे तुम्हाला लिहायचं म्हणजे खोलीला कडी लावून बोलल्यासारखं वाटतं.

एक काळजी आहे. अम्मा शहाऐंशीची. ऑक्टोबरात पडली, हाड मोडलं नाही, पण खाटेवर बसली ती बसलीच. आणि जेवण सोडलंय. डॉक्टर म्हणतात आजार काही नाही. "काय कामाची मी" म्हणते आणि ताट सरकवते. सदतीस किलो राहिली आहे. एकच मागते, मोईंगा. भावाच्या बायकोने तीनदा केला, तीनदा तिने वाडगा परत दिला. मी वीस फेब्रुवारीला जैतापूरला निघते आहे. माझ्या हातचा मिळाला की जेवेल. दुआ करा.

गुलबानू

०

कुरुम
२० जानेवारी २०२४

प्रिय आपा,

तुमचं पत्र यायच्या आदल्याच दिवशी मी शहाणपणा करून बसले होते. यूट्यूबवर कसलीशी कृती पाहिली आणि वर चमचाभर हिंग घातला. ह्यांनी पहिला घास घेतला, खाली ठेवला, आणि हसता हसता ठसका लागला. "अगो, हा मासा आमटीत पडून मेला!" हो, अजून आवाज बसका आहे, पण चेष्टा करायला पुरतो.

मग रविवारी तुमच्या कृतीने केला. वास सुटेपर्यंत, हिंवस जाईपर्यंत. मला तर घरभर नुसती हिंवसच येत होती, त्यामुळे ह्यांनाच दर पाच मिनिटांनी हाक मारून पातेल्यावर वाकायला लावलं. हे वेंगुर्ल्याचे, त्यांचं नाक या बाबतीत पक्कं. वाडगा पुढे ठेवला. एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. म्हटलं, पुन्हा बिघडला वाटतं. तर डोळे पुसून म्हणाले, "हाच तो. पहिल्या दिवशीचा."

आपा, यापुढचं लिहू नको असं त्यांनी मला बजावलं आहे. मी लिहिते आहे, कारण तुम्ही अम्मांसाठी निघाला आहात.

मी विचारलं, पहिल्या दिवशीचा म्हणजे? नंतरचे डबे वेगळे होते का? आधी टाळलं. मग सांगितलं. गेल्या जुलै-ऑगस्टपासून डबे बिघडत होते. एकदा बेसन जळालेलं होतं. दोनदा मीठ इतकं, की पाणी घालून घालून प्यायले. गेल्या महिन्यात सुकट खवट होती. मला तर मासा चाखायचा नाही, मला कसं कळणार? मी दर वेळी "आपांना सांग, नेहमीसारखाच छान" असा निरोप ऐकायची आणि तसाच पोचवायची. मी चिडले, म्हटलं, सांगितलं का नाहीत? तर म्हणाले, "जिने मला पुन्हा गिळायला शिकवलं, तिला मी मीठ जास्त झालं म्हणून सांगू?" एकही डबा टाकला नाही त्यांनी. सगळे संपवले.

तुमची तब्येत बरी आहे ना? काही झालं आहे का? मी लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर रागवा, पण उत्तर द्या.

नयना

०

कुरुम
६ फेब्रुवारी २०२४

प्रिय आपा,

तीन मंगळवार झाले. जाफरभाई येतात, केळीचा गाभा देतात, चिठ्ठी देत नाहीत. विचारलं की "खलास, आपा बिझी" एवढंच सांगतात. चंद्रहास माझ्याशी धड बोलत नाहीत. म्हणतात, तुझा खरेपणा तू विज्ञान शिकवतेस त्या शाळेच्या प्रयोगशाळेत ठेव.

मी चुकले असेन. पण आमच्यावर तुमचे इतके उपकार आहेत, की तुमच्याशी गोड खोटं बोलायचा हक्क मला राहिलेला नाही असं मला वाटलं. माफ करा.

नयना

०

बरका
९ फेब्रुवारी २०२४

नयनावहिनी,

रागावले होते. खोटं कशाला बोलू, तुमच्या पत्राचे चार तुकडे केले. मग त्याच रात्री पिठाने चिकटवले, कारण मला असं पत्र लिहिणारं दुसरं कुणी नाही.

गेल्या जूनमध्ये मला ताप आला होता. आठ दिवसांत उतरला, पण जाताना नाक घेऊन गेला. एकदा दूध करपलं, सून माहनूर हॉलमधून धावत आली, आणि मी पातेल्यासमोर उभी! मला काही कळलंच नव्हतं. मग मी दार लावून अत्तर हुंगलं, फिनेल हुंगलं, लसूण चावून पाहिली. काही नाही. जिभेलाही गरम आणि गार एवढंच कळतं. डॉक्टर म्हणाले, येईल, नाहीतर नाही येणार.

घरात कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माहनूर म्हणाली असती, "अम्मी, तुम्ही बसा." चांगली मुलगी आहे, प्रेमानेच म्हणाली असती. पण एकदा बसा म्हटलं की माणूस बसतो, माझी अम्मा बसली तसा. मी अंदाजाने रांधत राहिले. मला वाटायचं, मीठ माहनूर मागून सारखं करते. तुमच्या डब्यात सारखं करणारं कुणी नव्हतं. भाऊंनी तो खारट रस्सा पाणी घालून प्यायला, हे वाचून आधी लाजेने मेले, आणि नंतर, वहिनी, मी बसून रडले. इतकं माझ्यासाठी कुणी केलं नव्हतं. त्यांना माझा सलाम सांगा, आणि त्यांच्याशी भांडू नका.

तुम्ही खरं लिहिलंत त्याचेही आभार मानते. आज मानते, वीस दिवसांपूर्वी मानले नसते.

पण आता मी काय करू? अम्मा रोज भावाला विचारते, गुलबानू कधी येते. तिला वाटतं मी येणार आणि तिच्या आईच्या हातचं मिळणार. माझी सगळी विद्या नाकात होती. कृती वाचताना तुमच्या लक्षात आलं असेल, दर ओळीला वास. तो वासच मला येत नाही. तिच्यापुढे करपलेलं नेऊन ठेवलं आणि तिने तोही वाडगा परत दिला, तर पाचव्यांदा कुणी करणार नाही. तिकीट रद्द करावं असं मनात येतंय.

गुलबानू

०

कुरुम
१३ फेब्रुवारी २०२४

प्रिय आपा,

तिकीट रद्द करायचं नाही.

तुम्हाला आमच्या घरची एक गोष्ट सांगते. आमच्याकडे नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो. देवाच्या आधी आपण खाल्लं, तर ते उष्टं होतं. लग्न झाल्यावर पहिल्या गौरींना सासूबाईंनी मला पुरणाला बसवलं. अठरा माणसांचं पुरण, कटाची आमटी, पंचामृत, आणि एक थेंब जिभेवर ठेवायचा नाही. मी रडकुंडीला आले होते. सासूबाई म्हणाल्या, "जीभ बाजूला ठेव. डोळे आहेत, कान आहेत, हात आहेत. त्यांना कामाला लाव." त्यांनी मला डाळ बोटांनी चुरून बघायला शिकवलं, मिठाची मूठ ठरवून दिली, आमटीच्या उकळीचा आवाज ऐकवला. तीस वर्षं मी तसाच नैवेद्य करते आहे. एकदाही मीठ चुकलेलं नाही. आणि तुमचा मोहिंगादेखील मी न चाखताच केला, नाही का?

तेव्हा तुम्हाला येत नाही ते मला येतं. आमच्या घरी तुमची कृती गेल्या तीन दिवसांत चार वेळा शिजली. चंद्रहास चाखायला, मी घड्याळ आणि वजनकाटा घेऊन. ह्यांनी "आत्ता!" म्हटलं की मी वेळ लिहायची. चौथ्या वेळी त्यांना मासा नको झाला, पण काम पुरं केलं. वेंगुर्ल्याच्या माणसाला मासा नको होणं म्हणजे काय ते तुम्ही जाणता.

दोन लिटर रश्श्याला तांदूळ चाळीस ग्रॅम. मंद आचेवर नऊ मिनिटं. सुरुवातीला ते कढईत गप्प असतात, सातव्या मिनिटाला तडतडायला लागतात. तूप कढवल्यावर खाली बेरी राहते ना, तो रंग आला की उतरवायचे, एक क्षणही जास्त नाही. बेसन साठ ग्रॅम, सहा मिनिटं. आधी उलथन्याला जड लागतं, मग एकदम हलकं होतं आणि वाळूसारखं सरकतं. तिथे थांबायचं. कांदा आकसून कडेने तेल सोडतो, तेव्हा लसूण. मासा परतताना चरचर होते. ती थांबून नुसतं बुडबुडायला लागलं की हिंवस गेली. सुकट दुकानातून नवीन आणायची, घरातली वापरायची नाही. मीठ सपाट चमचे दोन, बघून, मोजून, आणि नंतर पुन्हा हात लावायचा नाही. गाभा घातल्यावर पन्नास मिनिटं. उकळी आधी पातळ वाजते, शेवटी जाड वाजते. तुम्ही ऐकलीत की ओळखाल, चाळीस वर्षं ऐकता आहात. हे सगळं वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं आहे.

शुक्रवारी आम्ही दोघं बरक्याला येतो. काटा घेऊन येते, तो तुमच्याबरोबर जैतापूरला जाईल. तुमच्या स्वयंपाकघरात एकदा माझ्यासमोर करा. माहनूर काही म्हणाली, तर मी बघून घेईन.

उपकार फेडतो आहोत असं समजू नका. ते फिटायचे नाहीत, आणि आम्हाला ते फेडायचेही नाहीत.

तुमची,
नयना

०

जैतापूर
५ मार्च २०२४

प्रिय नयनावहिनी आणि चंद्रहासभाऊ,
दोघांना सलाम.

त्या शुक्रवारी तुम्ही गेल्यावर मी माहनूरला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "अम्मी, मला ऑगस्टपासून माहीत आहे." मागून मीठ तीच सारखं करत होती, माझा अंदाज खरा होता. बोलली नाही, मला वाईट वाटेल म्हणून. आपण सगळेच एकमेकांना किती जपत होतो!

इकडे आले त्याच्या दुसऱ्या दिवशी चूल मांडली. भाभी काटा बघून हसत होती, म्हणाली, नणंदबाई सोनं तोलतात काय? मी तांदळाला कान लावून बसले. तडतडले, बेरीचा रंग आला, उतरवले. उलथनं हलकं झालं, बेसन उतरवलं. मीठ मोजून घातलं आणि बरणी दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवली, नाहीतर हात गेला असता. उकळी जाड वाजली तेव्हा मी एकटीच होते चुलीपाशी, आणि मला वाटलं, हा आवाज तर मला नानीच्या वेळेपासून माहीत आहे.

अम्माच्या पुढे वाडगा ठेवला. तिने चमचा तोंडात घेतला आणि किती वेळ गिळलाच नाही. मग गिळला आणि माझ्याकडे बघितलं.

"तू केलंस?"

"हो."

"चाखलंस काय गो?"

तिचा नियमच तो. न चाखता कुणापुढे ठेवायचं नाही. मी हो म्हणाले.

"मंग सांग, आंबट बराबर हाय?"

मी म्हटलं, "बरोबर आहे की."

"लिंबू पिळलंसच नाय तू."

खरंच विसरले होते. कागदावर ते नव्हतं, वहिनी! तुम्हाला दोष देत नाही, लिंबू ताटात पिळायचं असतं, पातेल्यात नाही, ते तुम्ही कशाला लिहाल. मी पकडली गेले. आणि सहासष्ट वर्षांची बाई मी, शाळेत चोरी सापडल्यासारखी रडले. सगळं सांगितलं. ताप, नाक, करपलेलं दूध, भाऊंचे डबे. म्हटलं, अम्मा, तुझ्या आईचा मोईंगा मला कधीच कळणार नाही आता. मी नुसतं मोजून केलंय.

मला वाटलं, आता ती वाडगा सरकवणार. ती खाटेवर जरा सरकली, कसनुसं तोंड करत, कारण तिची कंबर दुखते, आणि म्हणाली, "बस हितं." लिंबू मागवलं, स्वतः पिळलं. एक चमचा मला भरवला, लहानपणी भरवायची तसा, आणि एक स्वतः घेतला.

"ऐक. पयलां लिंबू लागतं, जिभेच्या कडेला. मंग गवती चाय. तां वर नाकात जातां. मग मासा, पन मासा मोठ्यानं बोलत नाय. खाली भाजके तांदूळ हायेत. गाभा कचकच करतो, त्याला चव नाय, तो नुसता सोबतीला. कळतां?"

मी म्हटलं, थोडं थोडं. तिने पुन्हा भरवला, पुन्हा खाल्ला, पुन्हा सांगितलं. कांदा राहिला होता सांगायचा, अंडं राहिलं होतं. नानी यात काय काय घालायची, आणि इकडे काय मिळालं नाही म्हणून रुसायची, तेही सांगितलं. तिला चवीबरोबर तिची आई आठवत होती आणि ती मला ते सगळं देत होती. भाभी दारात कधी येऊन उभी राहिली आम्हाला कळलंच नाही. तिनेच सांगितलं की वाडगा रिकामा झालाय.

चमत्कार म्हणू नका. माझं नाक आलं नाही. पण बारा दिवस झाले, अम्मा दोन्ही वेळेला जेवते. नुसता मोईंगा नाही, सगळं. माझ्या ताटात जे असेल ते आधी तिला लागतं, कारण त्याची चव मला सांगायची असते. काल डाळीत मीठ कमी होतं तर भाभीला हाक मारून ओरडली, पाच महिन्यांत पहिल्यांदा. "काय कामाची मी" म्हणायला तिला आता सवडच नाही. वजन एक किलोने वाढलंय, तुमच्या काट्यावर नाही, दवाखान्यातल्या.

वहिनी, तुम्ही मला सांगितलं नसतंत, तर मी इथे येऊन खोटंच बोलत राहिले असते आणि अम्मा उपाशीच राहिली असती. भाऊ, तुम्ही ते डबे टाकून दिले असते, तर मी ते खरं उत्तर कधीच लिहायला घेतलं नसतं. तुम्हा दोघांचं माझ्यावर ऋण आहे, ते मी आनंदाने डोक्यावर घेते. रमझानच्या प्रत्येक इफ्तारीला तुमचं नाव घेऊन दुआ मागीन.

बरंच लिहायचं होतं, पण अम्मा आतून तिसऱ्यांदा हाक मारते आहे. शेजारून फणसाचं सांदण आलंय. ते कसं लागतं, ते तिला मला सांगायचं आहे.

तुमची,
गुलबानू